ठोकळ्यांमधली पन्नी

८ जानेवारी

आली! नागपूरची इंजिनिअर मॅडम. उर्वशी नाव. चामोर्शीजवळच्या आमच्या नाल्यावर पूल झाला, आता त्यावर जायला चढ करायचा. खाली धानाच्या बांध्या, म्हणजे चिखलाची शेतं, माती टाकली की खचते. म्हणून मातीऐवजी थर्माकोलचे पलंगाएवढे हलके ठोकळे रचतोय. रचतोय म्हणजे मी. वडशाच्या गोदामांत तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या लावण्यात माझी जिंदगी गेली, ठेकेदारानं बोलावलं ते त्यासाठीच. पाच थर उभे केले. आणि ही आल्या आल्या विचारते — "भैयाजीभाऊ, दर थरात पन्नी काऊन टाकली?"

ओल चढू नये म्हणून प्लास्टिक! एवढंही कळत नाही?

९ जानेवारी

डोकं फिरलेलं. भांडणच होणार आहे हिच्याशी.

११ जानेवारी

आज तमाशा केला तिनं. ठोकळ्यावर ठोकळा, वर रेतीची पोती, दोर बांधून कबाडीवाल्याच्या लटकत्या वजनकाट्यानं ओढायचा. नुसता ओढला तर हलेना. मध्ये पन्नी घातली तर लगेच सरकला. म्हणे, "पोत्याचं वजन पोत्याले धरते, भाऊ. हे हलके हायेत. एकमेकाले घासूनच जागेवर राह्यतात, पन्नीनं ती पकड जाते. उद्या भरलेल्या ट्रकनं वर ब्रेक मारला तर अख्खा थर सरकते."

सगळे हसले. लटारू तर दात काढून. माझ्या हाताखाली शिकला हा! दुसऱ्या वेळी तिनं जोर लावून ओढलं, मी पाहिलं ना. आता म्हणे सगळे थर उचला, पन्नी काढा, परत रचा. माझी थप्पी मोडणारी ही कोण?

१३ जानेवारी

मॅडम बैठकीसाठी गडचिरोलीला. वरच्या दोन थरांची पन्नी काढली. खालच्या थरांना हात लावला नाही. लावणारही नाही.

लटारू — "भाऊ, खालची राह्यली ना?"

"तू आपलं काम कर," म्हटलं.

१४ जानेवारी

मॅडम परत आली. "सगळी काढली ना, भाऊ?"

"काढली."

वाटलं होतं उचकटून पाहील, मग चांगली सुनावीन. काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. ती "बरं झालं" म्हणाली आणि गेली. नंतर माझ्यासाठी चहा पाठवला. मी नाही प्यायलो.

२१ जानेवारी

बाजूंनी माती चढली. खालचं काही दिसत नाही.

३० जानेवारी

वर काँक्रीटची लादी पडली. आता कोण बघतं! चार दिवसांनी लादीवर पाय आपटून पाहीन. दगडासारखी असणार. या मॅडमला नागपूरला परत धाडलं पाहिजे. दिवसभर ते गोड बोलणं, भाऊ काय नि दादा काय, ऐकून ऐकून डोकं उठतं.

२ मार्च

उद्या चाचणी. भरलेला ट्रक चढावर नेऊन कचकन ब्रेक मारायचा. नईम ड्रायव्हर अडून बसला — "थर्माकोलपे ट्रक? मी नाई जात!" तर ही बया हसत म्हणते, "चला, मी बसतो तुमच्या बाजूले. भैयाजीभाऊनं सोताच्या हातानं पन्नी काढली, मंग कायचं भेव?"

मूर्ख आहे. शुद्ध मूर्ख! एवढी शिकली, तपासायला काय झालं होतं? माझ्या शब्दावर बसायला मी कोण हिचा? चढाच्या दोन्ही अंगाला खोल बांध्या आहेत.

जेवण गेलं नाही.

३ मार्च

ट्रकपुढे उभा राहिलो. सगळ्यांसमोर सांगितलं, खालची पन्नी तशीच आहे. ती उतरली. लादी फोडा म्हणाली. मला एक शब्द बोलली नाही. काही तरी बोलायला पाहिजे होतं तिनं.