दुपारचा अभिनव

धायरी, पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. मुक्ताआत्यास,
अभिनवचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितोय. उभ्यानं, फ्रीजवर वही ठेवून. बसलं की कंबर धरते.

काम झालं नाही. माझे मणके एकमेकांना चिकटत चाललेत, हे एक्स-रेत शेंबड्या पोरालाही दिसेल. पण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिव्यांग प्रमाणपत्रावर लिहिलं अठ्ठावीस टक्के. चाळीसच्या आत असलं तर त्या कागदाचा मला उपयोग नाही. आणि तो कागद मला कशाला हवाय हे तुला माहीत आहे. मागच्या परीक्षेत पेपरच्या मध्ये पाठ मोकळी करायला उठलो, सुपरवायझरनं खाली बसवलं, मी पेपर टेबलावर आपटून बाहेर आलो आणि परत गेलोच नाही. आता जायचंय. चाळीस टक्के असले तर जादा वेळ मिळतो, मध्ये उठून चालता येतं. नाहीतर पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले वाका, मी वाकलो. दात आवळून वाकलो. बूट स्वतः घालता का विचारलं, हो म्हणालो. घरची कामं? करतो. मग आकडा ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. जे तोंडाला आलं ते बोललो. डॉक्टर शांतपणे म्हणाले की आपली तब्येत बरी आहे असं ऐकून इतका संतापलेला पेशंट त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. अस्सल पुणेरी माणूस. अजून चिडचिड होतेय.

सोबत कुणीतरी लागतं म्हणून उत्कर्षा आली होती. तिनं ऑफिसातून अर्धा दिवस काढला, म्हणून दुपारची वेळ घेतली होती. निळा शर्ट घातला होता, तो तिला आवडतो.

बाबा म्हणतात सोडून दे. फेरतपासणीचा अर्ज करता येतो, पण त्याच माणसाच्या दारात पुन्हा जायचं?

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावर आहे ती माया आटवू नकोस.

तुझा,
अभिनव


फलटण
२० जानेवारी २०२५

चि. अभिनवास,
मुक्ताआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. त्यात डॉक्टरांवर ढीगभर मजकूर आहे आणि उत्कर्षा शेवटी, शर्टाबरोबर उरकलीय. सगळी गोम तिथेच आहे, बाळा. तू तपासणीला गेलाच नव्हतास. तू दाखवायला गेला होतास.

मला त्यातलं कळतं. माझा उजवा पाय आखूड, हे तुम्हा घरच्यांना माहीत आहे. मला बघायला येणार होते तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत पोह्यांचा ट्रे घेऊन चालायला लावलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ. बशा वाजल्या की पुन्हा पहिल्यापासून. पाहुणे आले त्या दिवशी एकही बशी वाजली नाही. तुझा बाप तेव्हा हाफ पँटीत होता, त्यानं टाळ्या वाजवल्या आणि आईचा धपाटा खाल्ला.

लग्न झाल्यावर मी ह्यांच्यासोबत तशीच चालत राहिले. देवळात, बाजारात, लग्नकार्यात. रात्री कंबरेला तेल चोळायचं, पाहुण्यांचा स्वयंपाक फार झाला असं सांगायचं. एकदा जत्रेतून येताना वाटेतच बसले, तेव्हा ह्यांना कळलं. मला वाटलं आता माहेरी सोडतील. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले की मग इतके दिवस माझ्यामागे धावत कशाला आलीस, मी थांबलो असतो.

हे गेले तरी ते वाक्य गेलेलं नाही.

तेव्हा अर्ज कर. या वेळी वेळ सकाळची घे. तुझी आई फोनवर ओरडून सांगत होती की त्या दिवशी तू पहाटेपासून व्यायाम, कडकडीत पाण्याची अंघोळ आणि वरून जादा गोळी असं सगळं केलंस. ते काही करू नकोस. रोज सकाळी जसा असतोस तसा जा. पण त्याआधी त्या मुलीला एकदा सकाळी घरी बोलाव. डॉक्टरांचं नंतर बघू.

आणि डॉक्टरांची माफी माग. मनातल्या मनात मागितलीस तरी चालेल, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तुझी,
मुक्ताआत्या


धायरी, पुणे
६ मार्च २०२५

ती. मुक्ताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर आधी चिडलो. आठवडाभर उत्तर दिलं नाही, मग लाज वाटली म्हणून दिलं नाही. आता सगळं एकदम सांगतो.

उत्कर्षाला रविवारी सकाळी बोलावलं. ती सांगितल्यापेक्षा लवकर आली. मी अजून अंथरुणात होतो. आत्या, सकाळी माझं अंग लाकडासारखं असतं. कुशीवर वळायचं, खिडकीचा गज धरायचा, मग पाय खाली. मी आतून ओरडलो की तिला म्हणावं जा, नंतर ये. आईनं तिला चहा दिला. ती गेली नाही.

शेवटी भिंत धरत, वाकलेला, तसाच बाहेर गेलो. ती चहात खारी बुडवत होती. माझ्याकडे पाहिलं, खारी तुटून चहात पडली, ती चमच्यानं काढत बसली. बराच वेळ काढत होती. मग मान वर न करता म्हणाली की दुपारचा अभिनव तिला पहिल्यापासून जरा नाटकीच वाटायचा. नंतर डोळे पुसले आणि आईकडे दुसरा कप मागितला.

फेरतपासणी काल झाली. सकाळची पहिली वेळ. डॉक्टर तेच. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना ओळखलं, दोघंही तसं दाखवत नव्हतो. वाका म्हणाले, जेवढं झालं तेवढं वाकलो. बोटं गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबली. मान वळवली, छाती फुगवली, त्यांनी टेपनं मापं घेतली, एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. मग विचारलं, बूट स्वतः घालता का. मला नाही म्हणता येईना. उत्कर्षा शेजारी होती, पण माझ्या वतीनं बोलली नाही, नुसती थांबली. मग मी सांगितलं की आज हिनं बांधले, एरवी आई बांधते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले की मागच्या वेळी हे कळलं असतं तर तो आरडाओरडा वाचला असता. मी सॉरी म्हणालो. तोंडानं, मनातल्या मनात नाही.

बावन्न टक्के. कॉलेज धरल्यापासून पहिल्यांदा पन्नासच्या वर मार्क पडले आणि पेढे वाटायची पंचाईत.

कागदावर ‘कायमस्वरूपी’ असं छापलंय. मी तिथे अडकलो. बाहेर बाकावर तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो. उत्कर्षानं कागद घेतला, वाचला आणि म्हणाली की बरं झालं, दरवर्षी सुट्टी काढायला नको.

दरवर्षी, म्हणाली ती. ऐकलंस ना.

परीक्षेचा फॉर्म सोमवारी भरतोय. हे पत्रही उभ्यानंच लिहिलंय, पण आज पाठीचा राग आला नाही. तुझा हात डोक्यावर राहू दे.

अभिनव

ता. क. आत्या, नमस्कार. मी उत्कर्षा. त्यानं एक गोष्ट लिहिली नाही. येताना बसमध्ये राखीव जागा रिकामी होती, त्यावर बसायला हा तयार नव्हता. स्वारगेटपर्यंत त्यावरून माझ्याशी भांडला. मग मीच बसले, आणि तुझी जागा अडवलीय, उठव बघू, असं म्हटलं. तेव्हा बसला. आपण पुण्याला याल तेव्हा त्याला लेस नसलेले बूट घ्यायला सांगा, माझं तो ऐकत नाही. आपल्याला भेटायची फार इच्छा आहे.


फलटण
१४ मार्च २०२५

चि. अभिनव आणि चि. उत्कर्षा यांस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला येते. सकाळच्या गाडीनं निघेन, स्वारगेटला उतरेन. पेढे मी आणते, पंचाईत करून घेऊ नका.

आजवर मी बसमधून सगळ्यांच्या शेवटी उतरायचे, माणसं पांगली की. पाय कुणाला दिसू नये म्हणून. या वेळी माझा नंबर येईल तेव्हा उतरणार आहे. मागच्यांनी थांबावं.

अभिनव, तू न्यायला ये, पण सकाळच्या वेळी धावत येऊ नकोस. तुला उशीर झाला तर मी बाकावर बसते. मग दोघं आपापल्या चालीनं निघू. उत्कर्षाला म्हणावं, तुला घाई असेल तर पुढे हो. ती होणार नाही, पण विचारायची पद्धत आहे.

तुमची,
मुक्ताआत्या