जाते म्हणायचं नाही

बाडहूव्हडॉर्प (नेदरलँड्स), मंगळवार

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे मजेत आहेत. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. ‘बिल होईल’ म्हणून ठेवून देता, व्हॉट्सअ‍ॅपला बिल येत नाही हे कितीदा सांगितलं तरी. आमच्या शेजारची सुरुची उद्या पुण्याला निघतेय, तिच्या हाती हे पाठवते. तुमच्या ऑपरेशनची तारीख कळली. त्याबद्दल शेवटी लिहीन, आत्ता धीर नाही.

आधी बातमी. मला परवाना मिळाला! नवऱ्याच्या व्हिसावर आलेली तुमची मुलगी आता रीतसर घरोघरी अलार्म विकणार. दारं, खिडक्या, धूर, कॅमेरे, सगळं एकाच यंत्रणेत. तुमच्या सोसायटीत कुणीही येऊन कुलूप विकून जातो, तसं इथे नाही. विकायला आलेल्या बाईला घरातली कुठली खिडकी नीट लागत नाही तेही दिसतं ना! म्हणून आधी कोर्स, मग चारित्र्याची तपासणी, आणि पोलिसांची मंजुरी येईपर्यंत गिऱ्हाइकाकडे एकटीने जायचं नाही, असा आमच्या कंपनीत कडक नियम. माझ्यासोबत योस्ट असायचा, परवानावाला. मला आवडतो हा नियम. लोक आपल्याला घर उघडून दाखवतात, ही काय साधी गोष्ट आहे?

पण हा परवाना हातचा जाणार होता, आणि तोही तुमच्या-आईच्या शिकवणीमुळे. जवळच कॉरी नावाच्या आजी एकट्या राहतात. योस्टने आणि मी त्यांच्याकडे अलार्म बसवला, कॉफी झाली, आणि निघताना माझ्या तोंडून सवयीने गेलं, ‘इक कोम, हं!’ म्हणजे ‘येते’. मराठीतलं उचलून डचमध्ये ठेवलं, झालं. आजी बिचाऱ्या संध्याकाळभर वाट बघत बसल्या. मला आत येता यावं म्हणून अलार्म लावला नाही, मागचं दारही उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ब्रेडा शहरात राहणाऱ्या मुलीने कंपनीत तक्रार केली, की परवाना नसलेली बाई एकटी परत येते म्हणाली आणि आईचं घर उघडं राहिलं. साहेब म्हणाले, खुलासा पटला नाही तर तुझा अर्ज मागे घ्यावा लागेल. मी रडकुंडीला आले. आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, हे डचमध्ये सांगून बघा एकदा!

शेवटी योस्टला घेऊन मी आजींकडे माफी मागायला गेले. आमच्याकडे उंबऱ्यावर ‘जाते’ म्हटलं की आई कशी परत आत बोलवायची, ‘येते’ म्हणायला लावायची, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आणि येतात का सगळे?”

बाबा, हॉस्पिटलला निघताना आईही ‘येते’ म्हणाली होती. मी तिथेच रडले. आजींनी माझा हात धरला, मग मुलीला फोन लावून तक्रार मागे घ्यायला लावली. आता दाराशी त्याच मला ‘इक कोम’ म्हणतात, स्वतः घरातून हलत नसल्या तरी.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. रविवारी ऑपरेशनचं सांगून झाल्यावर तुम्ही फोन ठेवताना ‘चल, जातो’ म्हणालात. घाईत नाही, ठरवून. आई गेल्यापासून तुमचा ‘येते’ या शब्दावरच राग आहे, हे मला आजींच्या दारात कळलं. रागवा, पण मला ‘जातो’ म्हणू नका. मला ते सोसत नाही. रजा मंजूर झालीय, तिकीट काढलंय. ‘नवी नोकरी आहे, कशाला येतेस’ हे ऐकणार नाही. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मी उभी असेन, आणि तुमच्या तोंडून ‘येतो’ ऐकल्याशिवाय स्ट्रेचर पुढे जाऊ देणार नाही. दार मात्र माझ्यासाठी उघडं ठेवू नका, लॅच ओढून घ्या, किल्ली आहे माझ्याकडे. शनिवारी पोचते. या वेळचं हे डचांचं ‘येते’ आहे, बाबा, म्हणजे खरंच येते.

तुमचीच,
मृदुला