विवाहितांनी नाकारलेला गोलकीपर

स्फॅक्स, रमजानचा तिसरा आठवडा

प्रिय सालिहाताई,

तुला आणि भाऊजींना मुन्सिफचा सलाम. बिझर्तचा समुद्रवारा भाऊजींच्या छातीला मानवतोय ना? तुझे गुडघे जिना चढू देतात का? इथे सगळे खुशाल आहेत. माझा डावा घोटा तेवढा खुशाल नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या गल्लीतला रमजानचा सामना तुला आठवतच असेल. विवाहित विरुद्ध अविवाहित, रोजा सुटायच्या आधी तासभर, आणि हरणाऱ्यांनी ईदची मिठाई द्यायची. लग्न झाल्यापासून मी विवाहितांचा गोलकीपर. यंदा मासळीवाला तिजानी (त्यांचा कप्तान, पोट त्याच्या आधी चेंडूपाशी पोचतं) सर्वांदेखत म्हणाला, "मुन्सिफभाई, राग मानू नका. जमीलावहिनी गेल्यावर दोन वर्षं आम्ही डोळेझाक केली, पण नियम तो नियम." अविवाहितांकडे गेलो, तर पोरं म्हणाली, "काका, तुम्हाला नातू आहे!" मैदानाच्या मधल्या रेषेवर मी उभा राहिलो, आणि ताई, तुला म्हणून सांगतो, त्या रेषेवर फार एकटं वाटलं. शेवटी पोरांना गोलकीपर मिळेना, तेव्हा त्यांनी नातवासकट मला पदरात घेतलं. मग तिजानीने तोफगोळ्यासारखा फटका मारला, मी झेपावलो आणि घोटा मुरगळला. (गोल अडला की नाही, हा तपशील इथे महत्त्वाचा नाही.)

स्फॅक्समध्ये कुठल्याही दुखण्यावर ऑलिव्हचं तेल, हे तुला काय सांगायचं! हमादी न्हावी गरम तेल घेऊन धावत आला आणि कणीक तिंबावी तसा घोटा तिंबायला लागला. मी बोंब मारली तर म्हणाला, "ओरडताय म्हणजे लागू पडतंय." तिजानीचं म्हणणं, अंड्याचं पांढरं आणि पीठ कालवून लेप घाला. त्या दोघांची जुंपली, आणि तोवर घोट्याचं वांगं झालं. (जांभळं सुजेमुळे, चकचकीत तेलामुळे.)

एवढ्यात समोरच्या घरातून नझीहा खाली आली. (तीच, शाळेत खेळ शिकवायची. तरुणपणी शहराच्या हँडबॉल संघात होती. तीही बरीच वर्षं एकटीच आहे.) "हात काढा आधी! ताज्या मुरगळीला गरम तेल चोळताय?" हमादी म्हणाला, "बाई, आमच्या घरात बापजाद्यांपासून हाडं बसवतात." ती म्हणाली, "ठाऊक आहे. तुमच्या वडिलांनीच माझ्या भावाचा खांदा बसवला. तो अजून डाव्या हाताने सलाम करतो."

मग तिने हाड चाचपलं, मला चार पावलं चालवलं आणि दुसऱ्या दिवशी एक्स-रेला पाठवलं. हाड शाबूत निघालं. उपचार काय, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, घट्ट पट्टी, पाय उशांवर उंच आणि तोंड बंद. (रोज्याच्या भर तहानेत माझ्या पायावर वितळणाऱ्या बर्फाकडे दोन्ही संघ ज्या डोळ्यांनी बघत होते, ते डोळे मी विसरणार नाही.)

सूज उतरली तशी कवायत सुरू झाली. पायाच्या अंगठ्याने हवेत अरबी अक्षरं गिरवायची, अलिफपासून शेवटपर्यंत. मग एका पायावर उभं राहायचं. "खुर्ची धरा, मला नाही," असं ती बजावते. रोज संध्याकाळी येते, पट्टी बदलते, बार्लीचा शोरबा ठेवते आणि रोजा सुटल्याची तोफ व्हायच्या आत घरी जाते. तोफ झाली की समोरासमोरच्या दोन घरांत एकेक माणूस एकेक वाडगा उचलतं.

काल माझा अंगठा अलिफवरून थेट नूनवर गेला, आणि थांबला तेव्हा तिचं नाव हवेत पुरं झालं होतं. ती पट्टी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "अलिफनंतर नून कधीपासून यायला लागला?" मी अंगठा मुकाट पुन्हा अलिफवर नेला. पट्टी मात्र काल जरा सैल बांधली गेली.

भाऊजींना सलाम सांग. गुडघ्यांना जप.

तुझा,
मुन्सिफ

ता. क. ईदच्या आधी येशील का? तिच्या भावाकडे जायचं आहे. असल्या कामाला माणसाने स्वतः जायचं नसतं, थोरल्या बहिणीने जायचं असतं. गुडघे जिना चढत नसतील तर मी तुला पाठुंगळीला घेईन.

ता. क. २. घेईनच, कारण पाय शुक्रवारीच बरा झाला. लंगडणं शोरब्यापुरतं आहे. कुणाला बोलू नकोस.

ता. क. ३. टपालपेटीपर्यंत चालताना दिसलो तर पंचाईत, म्हणून पत्र नझीहाच्या हाती देतोय. पाकिटाचा डिंक नीट धरत नाही, पण ती दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्यांतली नाही.

*(खाली वेगळ्या अक्षरात)*

सालिहाताई, सलाम. पाकीट उघडंच होतं. तोफगोळा वगैरे काही नव्हता. चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता. तुमचे भाऊ माझ्या गच्चीकडे बघत मागे मागे येत होते, ते गटाराच्या झाकणाला अडखळले. आणि कालपासून ते उजव्या पायाने लंगडताहेत. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

जरूर या. माझ्या भावाने डावा हात पुढे केला तर मनाला लावून घेऊ नका. पुढच्या रमजानला हे विवाहितांकडूनच खेळतील, आणि मी गच्चीत नाही, गोलाच्या मागे उभी राहीन.

नझीहा