पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुठली कॅसेट द्यावी

मी, कायतान पास्कोल फर्नांडिस, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, धंदा रेडिओ-टेप दुरुस्ती (आता बंद), राहणार शिरोडा, तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, कारण माझ्याजवळ तेवढा वेळ कोणी बसतच नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. वडिलार्जित घरातला माझा अर्धा हिस्सा आणि मागचे माड माझा धाकटा भाऊ ज्युड याला मिळावेत. तो तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढणार, हे मला ठाऊक आहे. काढू दे.

२. बँकेतल्या शिलकीतून माझे दफन साधेपणाने करावे. ज्युड ज्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, त्या बँडने माझ्या अंत्ययात्रेत वाजवू नये. मागे काही उरले तर ते कलम ४ मधील व्यक्तीला टेपरेकॉर्डरच्या देखभालीसाठी द्यावे.

३. बेस गिटार. तरुणपणी आमचा 'मिठागर' नावाचा बँड होता. गायला आणि गिटारला एक मित्र, तो पुढे बोटीवर गेला. ड्रमवर ज्युड, बेसवर मी. हे कसले संगीत, असे कोणी विचारले की मी 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणायचो आणि लोक माझी कीव करायचे. मग ज्युडला गोव्यातल्या लग्नाच्या बँडचे बोलावणे आले. "रॉकान पोट भरता रे?" असे मला विचारून तो गेला. त्याचे पोट भरले, ते सगळ्या गावाला दिसतेच. लग्नात वाजवणाऱ्या कोणाच्याही हाती ही गिटार पडू नये. खरा मागणारा भेटेपर्यंत ती कॅसेटींबरोबर राहावी.

४. कॅसेटींचे कपाट, दोन्ही टेपरेकॉर्डर, हेडफोन आणि दुरुस्तीची सर्व हत्यारे सुरैय्या रहमतुल्ला खतीब, शिलाईचे दुकान, आरोंदा, यांना मिळावीत. नात्याची नसलेली बाई कोण, असे घरचे विचारतील, म्हणून कारण नमूद करतो.

माझ्या दुकानातून दुरुस्त झालेला एकही टेप रिकामा बाहेर गेला नाही. आत मी एक कॅसेट घालून द्यायचो. शिक्षकांनी नेल्या, ट्रॉलरवाल्यांनी नेल्या, चर्चच्या क्वायरमधल्यांनी नेल्या. सगळ्यांनी "बरा आसा" म्हणून आणून ठेवल्या. पुतणी ब्रेंडाने तर फोनच माझ्या नाकासमोर धरला, "अंकल, सगळा हेच्यात आसा मा!" सगळे आहे, मग त्यातले काय ऐकलेस, म्हटल्यावर फोन खिशात घातला. सुरैय्या मात्र आठवड्याने आली ती भांडायलाच. "काका, ह्यो गाणारो रडता, माका नाय आवडलो. पण मागे गिटार वाजयता तो कोण? तेचा आणखी काय आसा?" तिला कॅसेट आवडली नाही, याचा अर्थ तिने ती ऐकली होती. पुढची कॅसेट मागायला आलेली ती एकटीच.

तिच्यासाठी सूचना. नवख्याला बँडचे सर्वांत गाजलेले गाणे आधी देऊ नये. तो तिथेच थांबतो. माणूस काम करताना काय गुणगुणतो ते बघावे. भजनात रमणाऱ्याला 'स्लो हार्बर' या बँडची लांबलचक गाणी द्यावीत, त्यांतला एकच सूर तो धरून बसेल. आरडाओरडा आवडणाऱ्याला 'टिन कॅथीड्रल' द्यावे, आणि तो निवळला की 'वेट मॅचेस'. हे महान आहे, असे आधी सांगू नये. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये.

५. लादीनची कॅसेट. हिच्यावरून घरात पुष्कळ तोंडातोंडी झाली आहे. 'मिठागर'चे एकदाच रेकॉर्डिंग झाले आणि त्याची एकच कॅसेट होती. ती पुसली जाऊ नये म्हणून कडेचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे मी मोडून टाकले होते. आमच्या दारातल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, दरवर्षी लादीन होते. वाडा जमतो, प्रार्थना गातो, उकडलेले चणे आणि घोटभर फेणी घेऊन घरी जातो. एका वर्षीची लादीन ज्युडची बायको जुलियाना हिला कुवेतच्या भावासाठी रेकॉर्ड करायची होती. कपाटात तिला ही कॅसेट मिळाली. "फुटलेली दिसली म्हणान चिकटपट्टी लावलंय, दादा. माका काय म्हायत?" मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. जुलियानाने आमचा बँड दुरुस्त करून पुसला. मी तिला माफ केलेले नाही.

त्या लादीनीत आई पुढे बसून गाते. पुढच्या लादीनीला ती नव्हती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून ज्युडला कॅसेट हवी आहे. "आवशीचो आवाज तुझ्या एकट्याचो न्हय रे," म्हणतो. खरे आहे. पण माझ्या कपाटातली आजवर घरात कोणाला हवी झालेली ही एकच कॅसेट, आणि तीच नासलेली, याचा मला संताप येतो.

दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून तो माझ्याकडे येतो आणि ती ऐकतो. आईचे 'आमेन' झाले की डोळे पुसतो, बटण दाबतो आणि उठतो. लादीन टेपेपेक्षा लहान होती, हे त्याला माहीत नाही. बटण दाबले नाही तर जरा खरखर होते आणि मग आमच्या शेवटच्या गाण्याचा शेवट येतो. गिटार थांबते, मी थांबतो, आणि एकट्या ज्युडचे ड्रम वाजत राहतात.

ही कॅसेट सुरैय्याने ठेवून घ्यावी. ज्युड मागायला येईल, तेव्हा त्याला बसवून ऐकवावी. 'आमेन'नंतर त्याचा हात बटणाकडे जाईल, तो धरावा. टेप संपेपर्यंत तो बसला, तर कॅसेट त्याची. त्याच्यानंतर मी ड्रमर शोधलाच नाही, हे जिवंतपणी मी त्याला सांगणार नाही. इथे लिहून ठेवतो.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: कायतान पास्कोल फर्नांडिस

साक्षीदार १: गंगाराम आरोसकर, शिरोडा (मी दिलेली प्रत्येक कॅसेट यांनी न ऐकता परत केली आणि तसे तोंडावर सांगितले, खोटे बोलणारा माणूस नव्हे.)
साक्षीदार २: डॉ. अनुजा रेडकर, शिरोडा

ठिकाण: शिरोडा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४