दार धरायला माणूस हवं

२२ नोव्हेंबर

चि. छोटूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांची तब्येतही ठीक आहे. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगून ठेवते.

तुझी लाडकी जुनी गाडी काल ट्रकवरून उतरवून घेतली. सोबत तुझा हुकूम: "दोन्ही दारं लोंबतात. बिजागऱ्या घट्ट कर, बास. रॅलीच्या आधी हवी." बास म्हणे! डॉक्टरकडे गेल्यावर औषधही तूच सांगत असशील.

दार अर्धं उघडून टोकाला धरून उचललं. बिजागरीची पिन झिजली असती तर ते हातात डुगडुगलं असतं. जरासुद्धा हललं नाही. मग गाडीच्या पोटाखाली मधोमध जॅक लावून थोडं उचललं, तर दार आपसूक बंद झालं. दारं बिचारी जागेवर आहेत, छोटू. गाडीच मध्ये वाकली आहे.

तुझ्या त्या जुन्या गाड्यांच्या तज्ज्ञाने दारांखालचे गंजलेले उंबरठे बदलले ना? टप नसलेल्या गाडीचा सगळा भार त्या दोन पत्र्याच्या खोक्यांवर असतो. या महाशयांनी गाडी पुढून-मागून स्टँडवर चढवली, मध्ये साधा टेकू न देता उंबरठे कापले, आणि पोट खाली आल्यावर तसंच वेल्डिंग ठोकून दिलं. मग दारं लागेनात, तेव्हा ग्राइंडरने दारांच्या कडा घासल्या. टोपी बसेना म्हणून डोकं तासावं तसं! आणि तू त्याचे फोटो काढून मित्रांना पाठवलेस. धन्य आहे तुझी.

उंबरठे मी पुन्हा कापायला घेतले आहेत. रॅली विसर. ड्रायव्हरला पाठवू नकोस, आला तसा परत पाठवेन.

पुढे दारं बसवायची आहेत. एकाने दार धरायचं, दुसऱ्याने बोल्ट आवळायचे. इतकी वर्षं बाबा धरायचे, मी आवळायचे. आज एक दार काढताना त्यांचे हात थरथरले, माझा पाय थोडक्यात वाचला. तब्येत ठीक आहे असं वर लिहिलंय ते खोटं आहे. रोज गॅरेजात येऊन बसतात, पण समोर कोण आहे ते त्यांना कळत नाही. मला म्हणतात, "छोटू, पाना दे." काम मनासारखं झालं की पाठीवर थाप मारतात, "शाब्बास, छोटू!" ज्याला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही, त्या तुझ्या नावाची शाबासकी मी रोज घेते. पहिल्यांदा हसले होते. आता संताप येतो. त्यांच्यावर काढता येत नाही, म्हणून तुझ्यावर काढते.

तेव्हा तू स्वतः ये. दार धरून उभं राहा, तेवढं तुला जमेल. तू समोर दिसलास, तर बोल्ट आवळणारी कोण आहे हे कदाचित त्यांच्या लक्षात येईल.

बाबांची मुलगी,
ताई