कार्ड म्हातारं झालंय

३ मार्च

सत्यानाश! ह्यांनी हौसेहौसेने लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि कॉम्प्युटरची गोगलगाय झाली. काही उघडायला गेलं की आतला पंखा घोंघावतो. पान सरकवलं की चित्र मधोमध फाटतं— वरचा अर्धा भाग पुढे, खालचा मागेच! इंजिनिअरसाहेबांचे नकाशे गिरवायचे पडलेत. शुक्रवारी द्यायचेत.

४ मार्च

हे म्हणतात, दोष लिनक्सचा नाही, ग्राफिक्स कार्डाचा. "कंपनीने ह्याचा ड्रायव्हर, म्हणजे ह्याला चालवणारा प्रोग्राम, कधीच सोडून दिलाय. नव्या डेस्कटॉपचा भार त्याला झेपत नाही. कार्ड म्हातारं झालंय, दुसरं काय!"

जन्मभर टीव्ही दुरुस्त केले ह्यांनी. वस्तू टाकायची म्हटली की आडवे येतात. मी म्हटलं, म्हातारं झालंय तर घरी बसवा त्याला. तोंड फुगवून बसले.

७ मार्च

झालं! लॉगिनच्या वेळी डेस्कटॉपचा जुना प्रकार निवडता यायचा, तो ह्या आवृत्तीत काढूनच टाकलाय म्हणे. मग ह्यांनी दुसरा, हलका डेस्कटॉप बसवला. सावल्या नाहीत, सरकत येणारी चित्रं नाहीत, नुसता साधा. पण पळतोय! फाटतही नाही. जीव भांड्यात पडला. दोन नकाशे हातावेगळे केले.

एकच आहे— रेघा मधेच लवतात. ओला कागद वाळल्यावर दिसतो तशा.

९ मार्च

इंजिनिअरसाहेबांचा फोन. "ताई, जिन्याची भिंत जागेवर नाहीये."

जुने कागदी नकाशे स्कॅन करून त्यावर बिंदू ठेवत भिंती गिरवायच्या, हेच माझं काम. रेघच वाकडी दिसली तर बिंदू कुठे ठेवू? सगळं खापर कार्डावर फोडलं. ते म्हणाले, "बघा बुवा. जमत नसेल तर तसं सांगा, दुसरं कोणीतरी बघतो."

इतक्या वर्षांत असं कधी ऐकून घ्यावं लागलं नव्हतं.

हे पडद्याला नाक लावून बसले. "अगं, सरळ तर आहे."

"नाहीये!" फारच जोरात ओरडले मी.

१० मार्च

केबल बदलली. शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून लावला. तरी रेघा लवतातच. म्हणजे कार्डच!

१२ मार्च

लेक आली होती. तिला मुद्दाम बसवून दाखवलं. "आई, सरळ आहे गं." लहानपणापासून बापाचीच बाजू घेते.

१३ मार्च

हे कुठेतरी गुपचूप जाऊन आले. आज कळलं— चष्म्याचा नंबर बदलून आणला! "तुला दिसतं ते मला दिसत नाही, म्हणजे माझेच डोळे गेले असणार."

मला हसू आलं. मग आलं नाही.

नवा चष्मा लावून पुन्हा पडद्यासमोर बसले. कितीतरी वेळ. मग अगदी अपराध्यासारखे म्हणाले, "अजून सरळच दिसतंय गं."

मी उठून कुकर लावला.

१४ मार्च

बोलणं बंद. तिसरा नकाशा तसाच पडलाय. डोकं दुखतंय.

१६ मार्च

हे जुन्या बाजारात जाऊन त्यातल्या त्यात नवं कार्ड घेऊन आले. हे! स्क्रूसुद्धा न टाकणारा माणूस! जुनं कार्ड काढलं, मऊ फडक्यात गुंडाळलं, कपाटात ठेवलं. माझ्यासाठी हात टेकले त्यांनी.

आता तरी काम सुटू नये.

१७ मार्च

दुपारी हे आत नवं कार्ड चालू करत होते. मी भांडी घासत होते. उजव्या डोळ्यात साबण गेला, म्हणून तो मिटून सहज समोर बघितलं. खिडकीचे गज मधोमध वाकलेले.

हात लावून पाहिलं. सरळ. डोळा धुतला, तो उघडून डावा मिटला. सरळ. पुन्हा उजवा मिटला. वाकडे.

"अगं, ये लवकर! आता बघ!"

मी गेले. पडद्यावरच्या रेघा तशाच लवलेल्या. हे पडद्याकडे बघतच नव्हते. नव्या चष्म्यातून माझ्या तोंडाकडे बघत होते.

म्हटलं, एकदम सरळ.