दुसऱ्याचं मन, दोनशे शब्दांत

४ जून
कॉलेजच्या वेबसाइटवर प्रत्येक प्राध्यापकाचं स्वतंत्र पान होणार. शैक्षणिक पार्श्वभूमी, संशोधनाचे विषय, अध्यापनाची आवड. मर्यादा दोनशे शब्द. मुदत पंधरा तारीख. हेडक्लार्क म्हणाले, सर, तासाभराचं काम आहे. मला चाळीस मिनिटं पुरतील. उद्या सकाळी.

५ जून
पार्श्वभूमी म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायला हवं. त्यावर टिपण काढलं. अकरा पानं झाली.

११ जून, सकाळी ६.१०
पार्श्वभूमी पूर्ण. बी.ए. पहिला, एम.ए. पहिला. एम.ए.ला आम्ही दोघंच होतो, ते लिहायचं कारण नाही. पीएच.डी.चा विषय: दुसऱ्याच्या मनाचं ज्ञान. समोरच्याला दुखतंय हे आपल्याला कळतं कसं? दुखणं दिसत नाही, दिसतात ती फक्त लक्षणं. एवढ्यालाच सातशे शब्द गेले. कापाकापी रविवारी.
हिचा आवाज बसलाय. पहिलीच्या पन्नास पोरांना शिकवायचं म्हणजे बसणारच. गुळण्या करायला सांगितलं.

१६ जून
मुदत काल संपली. घाईघाईने लिहिलेली पानं वाचवत नाहीत. आमच्या विभागात माझ्याखेरीज एकच जण आहे, लॉजिकवाला. त्याने सहा ओळींत उरकलं. फोटो मात्र मोठा.

९ जुलै
संकल्प: रोज पहाटे साडेपाच ते साडेसात ग्रंथलेखन. 'दुसऱ्याचं मन' एकोणीस वर्षं चाललंय. आता फक्त पहिली चार प्रकरणं राहिली आहेत.
घशासाठी डॉक्टरकडे जायचंय, बरोबर येता का, असं हिने विचारलं. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं.

१० जुलै, सकाळी ८.४५
जाग आली.

१ ऑगस्ट
घरात विलक्षण शांतता. ही हल्ली खुणेनेच भागवते. लिखाणाला इतकं पोषक वातावरण लग्नानंतर प्रथमच. तसं बोलूनही दाखवलं. ही हसली. म्हणजे तोंड तसं केलं. तपशिलात शिरलो नाही.

२२ ऑगस्ट
ही अर्धं ताट ठेवून उठली. गिळताना दुखतं म्हणाली, किंवा तसंच काहीतरी. आवाज नुसता फुसफुसतो. मी विचारलं, टोचतं की जळजळतं? हा भेद महत्त्वाचा आहे. हिने ताट उचलून आत नेलं. हाच प्रसंग वर्गात उदाहरण म्हणून सांगितला. वर्गात दोघी होत्या. एकीने लिहून घेतला.

५ सप्टेंबर
ही शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंबरोबर परस्पर डॉक्टरकडे जाऊन आली. घशातला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. मला सांगितलं असतंस तर आलो असतो, म्हटलं. मुख्याध्यापिकाबाई उगाच घाबरवून सोडतात.

१३ सप्टेंबर
रिपोर्ट आला. स्वरयंत्राचा कर्करोग.
आवाज केव्हापासून बसलाय, असं डॉक्टरांनी मला विचारलं. पंधरा-वीस दिवस झाले असतील, म्हटलं. हिने चार बोटं वर केली. डॉक्टरांनी कागदावर 'चार महिने' लिहिलं. तीन आठवड्यांच्या वर गेलं की दाखवायचं असतं, म्हणाले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

१४ सप्टेंबर
स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. गळ्याला भोक पाडतील, श्वास तिथून. बोलणं बंद. लेक रजा काढून आली. माझ्याशी फारसं बोलत नाही. प्रवासाचा शीण असेल.
संकल्प: ऑपरेशनपर्यंत रोज एक तास हिच्यापाशी बसायचं. हिचं ऐकायचं.

२० सप्टेंबर
आज बसलो. बोलायला त्रास होतो म्हणून मीच बोललो. दुसऱ्याच्या वेदनेबद्दल तत्त्वज्ञांची मतं सोपी करून सांगितली. पाऊण तासात हिला झोप लागली. विश्रांती मिळाली, हेही काही कमी नाही.

२३ सप्टेंबर
साडेसात तास ऑपरेशन. सुखरूप.
आत नेताना हिने मला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट होता, शिवाय वॉर्डबॉय घाईत. मी मान डोलावली.

९ ऑक्टोबर
ही घरी आली. वहीत लिहून बोलते. लेक तोंडाने विचारते, ही लिहून उत्तर देते. दोघी तासन्‌तास बसलेल्या असतात. मी गेलो की वही मिटते. माझ्या वाट्याला आज एकच ओळ आली: 'खिडकी लावा.'

१७ ऑक्टोबर
तत्त्वज्ञान विभाग बंद होतोय. पुढच्या सत्रापासून मला पहिल्या वर्षाला 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवायचं आहे. वेबसाइटवर माझं नाव आहे, खाली 'माहिती उपलब्ध नाही'. चार दिवसांत देतो म्हटलं. हेडक्लार्क म्हणाले, आता राहू द्या सर.

२ नोव्हेंबर
लेक हिला आपल्या घरी घेऊन गेली. किती दिवस, विचारलं. बघू, म्हणाली. जाताना हिने दारातच लिहून दाखवलं: 'दूध अर्धा लिटरच घ्या.' म्हणजे घरावर लक्ष आहे. प्रकृती सुधारत असल्याचं हे लक्षण.

५ नोव्हेंबर
भरलेली वही उशीखाली राहून गेलीय. दुसऱ्याची वही वाचणं योग्य की अयोग्य, यावर तासभर विचार केला. मग वाचली.
लेकीचे प्रश्न तोंडी, ते कागदावर नाहीत. नुसती हिची उत्तरं.
'मे महिन्यात.'
'हो, सांगितलं होतं.'
'तीनदा.'
'नाही गं, कान चांगले आहेत त्यांचे.'
'चौथ्यांदा सांगायची लाज वाटली.'
'नको. काही बोलू नकोस त्यांना. पुस्तक चाललंय.'
'तुझ्याकडे जागा होईल का?'
केवळ उत्तरांवरून प्रश्न निश्चित करता येतात का, हा पद्धतीचा प्रश्न आहे. त्यावर एक टिपण काढायला बसलो.
येतात.

८ नोव्हेंबर, दुपारी ४
लेकीला फोन केला. आईशी बोलायचंय म्हटलं. ती म्हणाली, बाबा, आई बोलणार कशी? तुम्ही बोला, ती ऐकेल. फोन स्पीकरवर ठेवते.
एकतीस वर्षं व्याख्यानं दिली. काही सुचेना. कॉलेजचं नवं टाइमटेबल सांगितलं. मंगळवारी तास नाही, हे सांगितलं. दुधाचं सांगितलं. वही वाचली, हेही सांगितलं. माझं चुकलं म्हणालो. ते नीट जमलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. मग विचारलं, दुखतंय का गं फार?
तिकडून काही आवाज आला नाही. येणार नव्हताच. मी फोन कानाला घट्ट धरून थांबलो. तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे, असं ठरवलं.
बऱ्याच वेळाने लेक आली. म्हणाली, बाबा, अजून फोनवर आहात? आई मघाशीच आत जाऊन पडलीय.
किती मघाशी, ते विचारलं नाही.